क्लचचा पाय

देवाकडेसुद्धा पावती मागावी असा माझा स्वभाव. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण लपवण्यासारखंही त्यात काही उरलेलं नाही. कन्हेरीत आमच्या आळीत कुणालाही विचारा. एसटीत ड्रायव्हर म्हणून माझं अर्धं आयुष्य बारामती-इंदापूर रस्त्यावर गेलं. माझी मोटारसायकल गॅरेजला लावली की मेकॅनिक उठेपर्यंत मी त्याच्या मानेवर उभा असतो. भाजीवाल्याने तराजू उचलला की माझी नजर भाजीवर नाही, त्याच्या करंगळीवर असते. आणि दुसऱ्याच्या गाडीत तर मला बसवतच नाही. चालवणारा कितीही तरबेज असो, माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबत राहतो. डोळा लागणं तर लांबच. आमची मंडळी, सुनंदा, एकदा वैतागून म्हणाली होती, "आवं, किती संशय घ्याल? सावली तरी सवताची मानता का न्हाय?" मी म्हटलं, दुपारी ती पायाखाली जाते, संध्याकाळी लांब पळते, तिचा काय भरवसा.

तर अशा माणसाचा डावा गुडघा गेला. उसाचा हंगाम होता. निरवांगीच्या फेरीला एका थांब्यावर गाडी उभी केली आणि नेहमीप्रमाणे केबिनच्या दारातून खाली उडी मारली. पायऱ्या असतात, पण त्या धरून उतरणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम अशी माझी समजूत. ट्रॉलीतून पडलेलं उसाचं एक टिपरू रस्त्यावर होतं. डावा पाय नेमका त्यावर पडला, पाऊल तिथंच राहिलं आणि बाकीचा मी फिरलो. गुडघ्यात काड्कन आवाज झाला. बाहेर कुणाला ऐकू गेला असेल नसेल, मला मात्र तो दाढेत ऐकू आला. घरी पोचेपर्यंत गुडघा टरबुजासारखा टम्म फुगला होता.

एक्स-रे काढला. हाड शाबूत. झालं, घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि मीही. हाड मोडलं नाही म्हणजे काही मोडलंच नाही, असं आपण धरूनच चालतो. मग शेजारच्या गावात एका जाणत्याकडून लेप लावून घट्ट पट्टी बांधून घेतली. "शीर चढली हाय, उतरंल," तो म्हणाला. सूज खरंच उतरू लागली. तरी सुनंदाच्या हट्टापायी बारामतीत हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर तरुण, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही, तिथंच माझं मन मागं सरलं. त्यांनी मला आडवं केलं, आधी उजवा गुडघा किंचित वाकवून नडगी पुढं ओढली. ती जराशी हलली आणि टक्क करून थांबली. मग डावी ओढली. ती थांबलीच नाही, कपाटाच्या ढिल्या खणासारखी सरकत पुढं आली. "बघितलंत?" ते म्हणाले. मी बघितलं होतं. पण लगेच मनात आलं, डाव्याला यानं जोर जास्त लावला असणार.

मशीनमध्ये घालून फोटो काढल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारी लिगामेंट असतात, दोरखंडासारखी. त्यातलं पुढचं माझं पार तुटलं होतं. शिवाय दोन हाडांमधली गादीही फाटली होती. "सगळ्यांचंच ऑपरेशन करावं लागत नाही," ते म्हणाले, "काहींचं व्यायामावर भागतं. पण तुमची गादी फाटलीय. तिचा तुकडा सांध्यात अडकला तर गुडघा जागच्या जागी धरेल. आणि उशीर केला तर ती गादी वाचवता येईलच असं नाही." आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरू नका. सरळ चालताना कळणार नाही, वळताना कळेल." मी विचारलं, नवीन दोरखंड आणणार कुठून? तर म्हणाले, तुमच्याच मांडीच्या मागच्या बाजूची शीर घ्यायची. वा रे वा! माझ्याच मांडीतली शीर काढायची, माझ्याच गुडघ्यात बसवायची, आणि वर बिल मलाच! मी मान डोलवली, फाईल काखेत मारली आणि जिना उतरताना सुनंदाला सांगितलं, हा गॅरेजवाला आहे, पार्ट बदलल्याशिवाय सोडायचा नाही.

खरी भीती वेगळीच होती आणि ती मी सुनंदालाही सांगितली नव्हती. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. ऑपरेशन फसलं, गुडघा आखडला, तर पुन्हा स्टेअरिंग मिळणार नाही. डेपोत कुठंतरी खुर्चीवर बसवतील, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. आमच्यातला एक जण असा बसलेला मी बघितला आहे. गाडी डेपोत शिरली की त्याचा पाय टेबलाखाली हलायचा. त्याच्याकडं बघवत नसे. गाडी सुटली तर माझ्यात दुसरं काय उरतं, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची हिंमतही नव्हती.

म्हणून मी माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. चुलतभावाचा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा असतो. त्यावर चढून बसलो आणि क्लच दाबत राहिलो. ट्रॅक्टरचा क्लच एसटीपेक्षा कडक. दाबला, सोडला, दाबला, सोडला. कळ नाही की कुरकुर नाही. उतरून बांधावरून सरळ विहिरीपर्यंत चालत गेलो, काही नाही. ड्रायव्हरचा गुडघा, ड्रायव्हरनेच तपासला, पास! ओळखीच्या डॉक्टरांना नुसती मुरगळ होती म्हणून सांगितलं, मशीनच्या फोटोची गोष्ट गिळली आणि कामावर हजर व्हायला दाखला मिळवला. आता वाटतं, क्लच कसा दाबतात? पाय सरळ पुढं. त्यात वळण कुठून येणार? जी गोष्ट गुडघ्याला जमत नव्हती ती सोडून बाकी सगळं मी तपासलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलाच हा प्रकार. पण त्या दिवशी मी मिशीला पीळ देत घरी आलो.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी संकष्टी होती. सुनंदाचा कडक उपास, ती म्हणाली मोरगावला जाऊन या, तेवढं माझं ऐका. मी एसटीने निघालो. नवसही बोललो, पण माझ्या हिशेबाने. "मोरया, गुडघा असाच राहू दे, गाडी हातात राहू दे. महिनाभर नीट चालली की नारळाचं तोरण बांधीन." आधी काम, मग तोरण. देव झाला म्हणून उचल कशाला द्यायची?

देवळाबाहेर नंदीच्या अलीकडं फुलं-दुर्वा विकणाऱ्या बाया बसतात. त्यातल्या एका म्हातारीकडून दुर्वांची जुडी घेतली. हौसाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. साठी ओलांडलेली, काटक, एक पाय वाकडा आणि पुढं पसरून ठेवलेला. पायऱ्या चढायच्या आधी मी बाजूला उभं राहून जुडीतल्या दुर्वा मोजल्या. बरोबर एकवीस भरल्या, आणि खरं सांगतो, मला जरा वाईट वाटलं. तिनं ते बघितलं होतं. "भरल्या का वो?" तिनं हसून विचारलं. मी ऐकलं न ऐकलं केलं.

दर्शन छान झालं. गर्दी असूनही गाभाऱ्यापुढं निवांत उभं राहायला मिळालं. सगळे करतात तसं देवाला पाठ न दाखवता मागं मागं सरकत उंबरा ओलांडला, प्रदक्षिणा केली, पायऱ्या उतरलो. गुडघा हूं की चूं नाही. हातात प्रसादाची पिशवी, पिशवीच्या तोंडाशी पुजाऱ्याने परत दिलेल्या दुर्वा. नंदीपाशी चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि चपलांकडं निघालो, तेवढ्यात मागून कुणीतरी पिशवी ओढली.

आता देवळाबाहेरची गर्दी, त्यात माझा स्वभाव. खिसेकापू! दुसरं काय डोक्यात येणार? "कोण रे?" म्हणून मी डाव्या पायावर गर्रकन वळलो. पाऊल फरशीवर तसंच, मी फिरलो, आणि गुडघा आतून निसटला. अगदी उसाच्या टिपरावर झालं होतं तसंच. मी नंदीच्या पुढ्यात आडवा झालो, आणि पडल्या पडल्या मला चोर दिसला. काळी बकरी होती. माझ्या दुर्वा तिच्या तोंडात, आणि ती शांतपणे चघळत माझ्याकडे बघत होती.

उठायला गेलो तर पाय सरळच होईना. वाकला तिथंच धरला. बळ लावलं तर डोळ्यापुढं काजवे. सकाळपर्यंत विहिरीला फेऱ्या मारणारा पाय कुणीतरी आतून कडी घातल्यासारखा अडकला होता. डॉक्टर बोलले होते ते अक्षर न् अक्षर आठवलं, आणि मला आधी भीती नाही, राग आला. डॉक्टरांचा नव्हे, देवाचा. म्हटलं, तुझ्या दारात, तुझं दर्शन घेऊन दहा पावलं गेलो नाही, आणि हे? असं करायचं होतं तर बोलावलंस कशाला? सुनंदाचा उपास कशासाठी होता? तोंडाने मी फक्त "आई गं" म्हणत होतो, पण आतून मोरयाशी कडाक्याचं भांडलो.

हौसाबाई झुलत झुलत आली. बकरी तिची नव्हती, पण शिव्या तिनंच घातल्या. "सरक की मेले! माणसाचा परसाद खातीस?" मग माझ्याजवळ बसकण मारली आणि गुडघ्यावर हात ठेवला. "वढू नगा. जबरी करू नगा. अडाकलंय ते." दुर्वा ओल्या राहाव्यात म्हणून टोपलीवर टाकलेलं गार पोतं तिनं आणलं आणि गुडघ्याला गुंडाळलं. मग माझा फोन मागितला. मी म्हटलं, कशाला? "तुमच्या घरला सांगायला. का कबुतर धाडू?" मी नंबर लावून दिला, पण फोन तिच्या हातात असेपर्यंत माझी नजर फोनवर होती. पडलेल्या माणसाला लुटायला कितीसा वेळ लागतो, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं.

बारामतीकडं निघालेल्या एका कुटुंबाची जीप तिनंच हात करून थांबवली. मला उचलून मागच्या बाकावर आडवं टाकलं. आणि मग बाई स्वतःही चढली! आज संकष्टी, वर्षातल्या चांगल्या धंद्याच्या दिवसांपैकी एक, दुर्वांची टोपली भरलेली. ती तिनं शेजारणीच्या हवाली केली आणि माझा पाय मांडीवर घेऊन बसली. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही कशाला येते? हिला यात काय? वाटेत मी सांगून बसलो की डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, मी नाही म्हटलंय. तर ती एकदम उसळली.

"न्हाय म्हटलंय? का वो? डाक्टर सवता म्हणतोय करू, घरात बायकू हाय, नोकरी हाय, आन तुमी न्हाय म्हणता?"

बस्स. मला धागा सापडला. मी डोळे बारीक करून विचारलं, "मावशी, खरं सांगा. डॉक्टर तुमच्या ओळखीचा हाय का? पेशंट नेला की तुमाला काय मिळतं?"

जीप चालवणाऱ्याने आरशात बघितलं. मला वाटलं आता ही शिवी देणार. पण ती माझ्या पायावरचं पोतं नीट करत राहिली. मग म्हणाली, "मला व्हय? मला दुखणं मिळालं."

आणि तिनं सांगितलं. नवी नवरी होती, डोक्यावर कडब्याची पेंढी, गोठ्यातून बाहेर पडताना गाईच्या दाव्यात पाय अडकला. गाय एकीकडं फिरली, ही दुसरीकडं. गुडघा सुजून एवढा झाला. सासूने हळद बांधली. सूज उतरली तशी खुरपं हातात दिलं. "सूज गेली, दुखायचं बी थांबलं. सगळी म्हणली बरी झाली. मी बी म्हटलं बरी झाली. मग बांधावर वळलं की निसटायचा, पाणी घिऊन वळलं की निसटायचा. हंडा सांडायचा, सासू म्हणायची नाटकं करती. निसटून निसटून आतलं सगळं झिजलं. आता खाली बसलं की उठाय दोघी लागत्यात. बाईच्या गुडघ्याला दवाखाना कोण करतंय, दादा? मला तवा गाडीत घालून कुणी नेलं न्हाय. म्हणून आले मी. आता कळलं काय मिळतं ते?"

माझा उजवा पाय अजून जीपच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता, आणि तो मला थांबवता येत नव्हता.

दवाखान्यात तेच तरुण डॉक्टर. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. गादीचा फाटलेला तुकडा उलटून सांध्यात अडकलाय, म्हणाले, वेळेवर आलात, शिवता येईलसं दिसतंय. मग सहज विचारलं, "हे झालं तेव्हा कुठं होतात? गाडी चालवत नव्हता ना?" त्या प्रश्नाने माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. उद्या याच वेळी मी भरलेली गाडी घेऊन इंदापूरच्या रस्त्याला असणार होतो. केबिनमध्ये चढताना पाय निसटला असता तर नुसता मी पडलो असतो. पण अडकलेला तुकडा, अर्धवट वाकलेला पाय, क्लच अर्धा दाबलेला, समोरून उसाच्या ट्रॉल्या, मागं बायाबापड्या, कॉलेजची पोरं... मी पुढचा विचार करू शकलो नाही. दुपारी ज्याच्याशी भांडलो होतो तो मोरया डोळ्यापुढं आला. मी त्याला म्हटलं होतं, गुडघा असाच राहू दे. त्यानं ते ऐकलं नाही, हे त्याचे केवढे उपकार! ती बकरी देवाने पाठवली की ती आपली भुकेली होती, यावर मी वाद घालत नाही. माझ्या संशयी स्वभावाला सुनंदा जन्मभर नावं ठेवत आली, आणि त्याच स्वभावाने मला गर्रकन फिरवलं. साधा भोळा माणूस असता तर नुसती मान वळवून बघितलं असतं.

सुनंदा येईपर्यंत हौसाबाई बाकावर बसून होती. चहाला नको म्हणाली, संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मी तिला नीट हातही जोडले नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशीही माझं आपलं चालूच होतं. सुई नवी आहे का, पाय डावा म्हणून खूण केलीय का, सगळं विचारून झालं. नर्सताई हसल्या, "काका, तुम्हीच करता का?" कमरेत इंजेक्शन दिलं. जागा होतो. छातीपुढं हिरवा पडदा ओढला, पलीकडं काय चाललंय ते दिसेना. मग यंत्राचा आवाज सुरू झाला, अगदी वर्कशॉपमध्ये येतो तसा. माझ्या देहात कुणीतरी दुसराच गाडी चालवत होता आणि मला रस्ताही दिसत नव्हता. घाबरून मी सवयीने उजवा पाय दाबायला गेलो. पाय नव्हता. म्हणजे होता, पण माझ्या हुकमात नव्हता. पुन्हा प्रयत्न केला, कमरेखाली काहीच माझं नव्हतं. ब्रेक दाबायला पायच नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? मी रडलो. वरच्या दिव्याकडं बघत म्हटलं, "मोरया, घे बाबा. तूच घे आता." अट नाही, तोरण नाही, महिनाभराची मुदत नाही. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, मला झोप लागली. पुढचे कितीतरी महिने त्या झोपेची आठवण माझ्या उपयोगाला आली.

कारण खरी कसोटी नंतरच होती. कुबड्या, पट्टा, आणि व्यायाम. पडल्या पडल्या मांडी आवळायची, टाच घासत मागं आणायची, सरळ पाय उचलायचा. एसटी हाकणारा माणूस, आणि स्वतःचा पाय वीतभर उचलताना घामाघूम! मध्येच दुखणं थांबलं आणि मला वाटलं झालं, गाडीवर बसतो. डॉक्टर म्हणाले, नवी शीर अजून आत रुजतेय, आता घाई केलीत तर तीही जाईल. पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, फी वाढवतोय. आता कानाला खडा लावला होता. रुजायला लागतो तेवढा वेळ बसून राहिलो. सुनंदा समोर बसून मोजायची आणि मी कंटाळून कमी केलं की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. आमच्या घरात संशय घ्यायचं काम तेव्हापासून तिच्याकडं गेलं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीक दिली, डेपोच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि मला स्टेअरिंग परत मिळालं. योगायोग म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, काही दिवसांनी मोरगावची फेरी माझ्याकडं आली. गाडी लावली. आता मी उडी मारत नाही. तोंड केबिनकडं, दांडा धरून, एकेक पाय खाली ठेवत, मागं मागं उतरतो. कट्ट्यावरचा एक म्हातारा ओरडला, "काय ड्रायव्हर, गाडीच्या पाया पडताय व्हय?" मी म्हटलं, "व्हय आबा, तसंच समजा."

तोरण बांधलं आणि हौसाबाईपुढं येऊन उभा राहिलो. तिनं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं. "भरल्या का दुर्वा?" म्हणाली आणि खळखळून हसली. मी म्हटलं, मावशी, उठा. डॉक्टरांशी बोललोय तुमच्याबद्दल. माझ्यासारखी शीर घालून तुमचं भागायचं नाही, पण दुखणं कमी करायला बरंच काही असतं म्हणतात. दाखवून तर या. परतीच्या फेरीत मीच आणून सोडतो. ती हात झटकून म्हणाली, "ह्या! आता काय माझ्या गुडघ्याचं? माती व्हायची येळ आली." मी हटलो नाही. मग तिनं डोळे बारीक केले, थेट माझ्यासारखे.

"खरं सांगा दादा, पेशंट नेला की तुमाला काय देतो त्यो डाक्टर?"

"मला? मला त्यानं आधीच दिलंय," मी गुडघ्यावर थाप मारून म्हटलं.

शेजारणी हसल्या. तिनं टोपली पुन्हा त्याच शेजारणीकडं सरकवली. पायरी चढायला तिला वेळ लागला. मी मागं उभा होतो, मागची माणसंही थांबली. माझ्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर तिला बसवलं. घंटी झाली, मी क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी निघाली.

तरडोलीच्या पुढं सहज आरशात बघितलं. हौसाबाई झोपली होती. पदर तोंडावर, वाकडा पाय पुढं सोडलेला, मान खिडकीला टेकलेली. पलीकडं एक बाई लेकराला मांडीवर घेऊन झोपली होती. मागं दोन कॉलेजची पोरं तोंड उघडी टाकून झोपलेली. वर्षानुवर्षं हाच आरसा माझ्यापुढं आहे, पण मी त्यात फक्त मागून येणाऱ्या गाड्या आणि फुकटे प्रवासी शोधले. इतक्या लोकांनी माझं नावही न विचारता माझ्या भरवशावर डोळे मिटले होते. काल मी नीट जेवलो का, गुडघा कसा आहे, लायसन खरं का खोटं, एकाही माणसाने कधी विचारलं नाही. डोळे भरून आले, रस्ता अंधुक झाला. "मोरया," म्हटलं, बाहीने डोळे पुसले आणि वेग थोडा कमी केला, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून.